इनबॉक्समधून थेट ‘पीकविमा’त

ई-मेल उघडले की डाव्या बाजूला फोल्डरांची उभी यादी दिसते. वर इनबॉक्स, पाठवलेले, मसुदे वगैरे ठरलेले फोल्डर आणि खाली वापरणाऱ्याने स्वतः केलेले. एका फोल्डरातून दुसऱ्यात जायचे तर बहुतेक जण ही यादी सरकवतात, हवे ते नाव डोळ्यांनी हुडकतात आणि बाण त्यावर नेऊन क्लिक करतात. आठ-दहा फोल्डर असतील तोवर यात काही बिघडत नाही. पण यादी पडद्याखाली गेली, फोल्डरांच्या पोटात आणखी फोल्डर झाले, की प्रत्येक फेरीला काही सेकंद जातात आणि हातातल्या कामाचा धागा तुटतो तो वेगळाच. यावरचा उपाय जवळजवळ प्रत्येक ई-मेल प्रोग्राममध्ये आधीपासून आहे. तो दाखवून द्यायला मात्र सहसा कुणी नसते.

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातले धामणगाव बढे घ्या. अशा मोठ्या गावात ग्रामपंचायत, शाळा, सेवा केंद्र अशी कामाची ठिकाणे असतात आणि त्यांची पत्रे वेगवेगळ्या पायऱ्यांवरून येतात. काही मोताळ्याच्या पंचायत समितीतून, काही बुलढाण्याच्या जिल्हा परिषदेतून, काही अमरावतीच्या विभागीय कार्यालयातून, काही थेट मुंबईहून. तातडीचा निरोप हल्ली व्हॉट्सॲपवर येतो. पण प्रपत्र, परिपत्रक, लाभार्थ्यांची यादी, मंजुरीचा आदेश, एक्सेलमध्ये भरून पाठवलेली माहिती यांचा पुढेमागे दाखवता येईल असा पुरावा ई-मेलमध्येच राहतो. मग घरकुल, पाणीपुरवठा, वित्त आयोग, रोजगार हमी, पीकविमा, शिष्यवृत्ती, पोषण आहार असे फोल्डर होत जातात. फोनवर पलीकडून ‘मागच्या महिन्याचे प्रपत्र कधी पाठवले?’ अशी विचारणा झाली की फोन कानाला धरूनच एका फोल्डरातून दुसऱ्यात जावे लागते.

फोल्डर कशाला हवेत, शोधचौकटीत शब्द लिहिला की मेल सापडतोच, असे यावर म्हटले जाते. त्याला आधारही आहे. स्टीव्ह व्हिटेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ३४५ जणांनी जुने मेल पुन्हा शोधण्यासाठी केलेल्या ८५ हजारांहून अधिक कृती तपासल्या होत्या. शोधचौकटीतून मेल गाठायला सरासरी १७ सेकंद लागत आणि फोल्डरांतून गाठायला ५८. फोल्डर करण्यात घातलेला वेळ वसूल होत नाही, असा निष्कर्ष त्यातून निघाला.

मराठीतल्या कार्यालयीन पत्रव्यवहाराला मात्र हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. इथे पत्र बहुधा सही-शिक्क्यासह स्कॅन करून जोडलेले असते आणि मेलमध्ये ‘सोबत जोडले आहे’ एवढीच ओळ असते. विषयाच्या जागी ‘तातडीचे’, नाहीतर काहीच नाही. स्कॅन म्हणजे चित्र, आणि चित्रातल्या मराठी मजकुरापर्यंत शोध भरवशाने पोचत नाही. जुन्या फाइलींची अडचण आणखी निराळी आहे. युनिकोड रुळण्याआधी श्रीलिपी, कृतीदेव, डीव्हीबी-टीटी योगेश असे फाँट चालत. काही कार्यालयांत अजून चालतात. या फाँटमधला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरे आणि चिन्हेच असतात. त्यात ‘घरकुल’ शोधले तर हाती काही लागत नाही.

युनिकोडमध्येही सगळे सरळ नाही. ‘शेतकऱ्यांची’ या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो. एका प्रकारात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच उमटतात, आत मात्र ती वेगळी असतात, आणि एका रूपाने शोधले तर दुसऱ्या रूपात लिहिलेला मेल निसटू शकतो. त्यावर ‘पीकविमा’, ‘पिकविमा’, ‘पिक विमा’ अशी लेखनाची तऱ्हा. म्हणून मराठीत काम करणाऱ्याला फोल्डर सोडून चालत नाही. प्रश्न उरतो तो त्यांच्यात झटपट ये-जा करण्याचा.

त्याचे मार्ग मुळात दोन आहेत. एक, यादी पाहत जाणे. दुसरा, फोल्डरचे नाव सांगून थेट तिथे पोचणे. यातला दुसरा मार्ग माऊसच्याही आधीच्या पिढीचा आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा स्वस्तातल्या खात्यावर फक्त अक्षरे दिसत, चित्रे नाहीत. त्यावर ई-मेलसाठी वॉशिंग्टन विद्यापीठात तयार झालेला ‘पाइन’ हा प्रोग्राम वापरला जाई. त्यात ‘एल’ दाबले की फोल्डरांची यादी येई आणि ‘जी’ दाबले की पडद्याच्या तळाशी फोल्डरचे नाव विचारले जाई. नाव टंकून एंटर केले की फोल्डर उघडे. हात कळफलकावरून उचलावाच लागत नसे. चित्रमय पडदे आल्यावर ही सवय बहुतेकांची सुटली, पण सोय कुठेच गेली नाही.

नावाने जाण्यात गती का येते, हे भारतीय टपालाच्या पिनकोडवरून चांगले समजते. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. पहिला आकडा ४ दिसला की देशातला मोठा भाग बाजूला पडून महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड एवढाच प्रदेश उरतो. ४४३ पर्यंत आले की नजर बुलढाण्याच्या बाजूला येते. पुढे ००१ असेल तर बुलढाणा शहर, १०१ असेल तर मलकापूर. प्रत्येक आकड्यागणिक क्षेत्र आवळत जाते. फोल्डरच्या नावाची पहिली दोन-तीन अक्षरे टंकली की यादीचे असेच होते. चाळीस फोल्डरांतून ‘पी’ने सुरू होणारे दोन उरतात आणि ‘पीक’ म्हणताच एकच.

आता प्रत्यक्ष प्रोग्रामांकडे. गावोगावी सर्वाधिक वापर जीमेलचा आहे, तेव्हा सुरुवात तिथून. जीमेल १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाले ते फोल्डरांऐवजी लेबले घेऊन. फरक असा की एकाच मेलला दोन लेबले लावता येतात. बुलढाण्याहून आलेले घरकुलाचे पत्र ‘जिल्हा परिषद’ आणि ‘घरकुल’ या दोन्ही ठिकाणी दिसू शकते. ये-जा करण्यापुरते लेबल म्हणजे फोल्डरच समजावे. संगणकावर जीमेलमध्ये कळफलकाच्या खुणा आधी चालू कराव्या लागतात. सेटिंग्जमध्ये जाऊन ‘सर्व सेटिंग्ज’ उघडायच्या, ‘सामान्य’ या पहिल्याच भागात कीबोर्ड शॉर्टकट चालू करायचे आणि पान पार खाली नेऊन बदल जतन करायचे. ही शेवटची पायरी राहून जाते, आणि मग शॉर्टकट चालतच नाहीत असा समज होतो.

ते चालू झाले की ‘जी’ दाबून लगेच ‘आय’ दाबले असता इनबॉक्स उघडतो. ‘जी’नंतर ‘टी’ दाबल्यास पाठवलेले मेल, ‘डी’ने मसुदे, ‘एस’ने तारांकित आणि ‘ए’ने सगळे मेल. दोन्ही कळा एकदम दाबायच्या नसतात, एकीपाठोपाठ दुसरी दाबायची. आपल्या कामाची जोडी म्हणजे ‘जी’ आणि ‘एल’. ती दाबताच शोधचौकट लेबलाचे नाव विचारते. पहिली अक्षरे लिहिली की जुळणारी लेबले खाली येतात, बाणाच्या कळीने हवे ते निवडून एंटर केले की झाले. उघडलेला मेल दुसरीकडे हलवायचा असेल तर ‘व्ही’ दाबून तसेच नाव द्यायचे. प्रश्नचिन्ह दाबले की सगळ्या खुणांचा तक्ता पडद्यावर येतो, त्यामुळे पाठांतराची गरज नाही.

मराठी टंकणाऱ्याला इथे एक ठेच लागते. कळफलक देवनागरीवर असेल तर ‘जी’ची कळ दाबूनही संगणकाकडे रोमन ‘जी’ न जाता देवनागरी अक्षर जाते, आणि एकेका अक्षराच्या खुणा अनेकदा चालत नाहीत. विंडोजमध्ये विंडोजची कळ धरून स्पेस दाबले की भाषा बदलते. आधी रोमनवर येऊन ‘जी’ आणि ‘एल’ दाबावे, मग देवनागरीवर जाऊन नाव टंकावे. हा हेलपाटा रोजचा वाटू लागला तर लेबलांची नावे रोमन लिपीत ठेवण्यात काही कमीपणा मानू नये. दुसरी ठेच विसर्गाची. जीमेलच्या शोधात आज्ञेच्या शब्दानंतर अपूर्णविरामाची दोन टिंबे द्यावी लागतात. मराठी कळफलकावरचा विसर्ग हुबेहूब तसाच दिसतो, पण तो चालत नाही.

संगणकावर बसवलेल्या आउटलुकमध्ये कंट्रोल धरून ‘वाय’ दाबले की ‘फोल्डरकडे जा’ ही चौकट उघडते. नावाची अक्षरे टंकली की निवड तिथे सरकते. कंट्रोल आणि शिफ्टसह ‘आय’ दाबल्यास कुठूनही थेट इनबॉक्स, आणि याच दोन कळांसह ‘व्ही’ दाबल्यास मेल हलवण्याची चौकट. शिवाय यादीच्या माथ्यावर ‘आवडते’ असा कप्पा असतो. रोज लागणारे चार-पाच फोल्डर ओढून तिथे ठेवले की बाकीचे झाड मिटवून टाकता येते.

थंडरबर्ड हा मोफत प्रोग्राम ७ डिसेंबर २००४ रोजी पहिल्या पूर्ण आवृत्तीत आला. अनेक खाती एकत्र सांभाळणाऱ्यासाठी तो विशेष सोयीचा आहे. त्यात फोल्डरांची यादी निरनिराळ्या तऱ्हांनी पाहता येते: सगळे, फक्त न वाचलेले मेल असलेले, आवडते, किंवा नुकतेच उघडलेले. न वाचलेल्यांचा प्रकार निवडला की तीस-चाळीस नावांची यादी एकदम चार-पाचांवर येते. फोल्डर वेगळ्या टॅबमध्येही उघडता येतो. ‘पीकविमा’ आणि ‘पाठवलेले’ शेजारी ठेवायचे आणि कंट्रोल-टॅबने दोन्हींत ये-जा करायची. काय आले आणि काय गेले हे ताडून पाहण्याचा याहून सोपा मार्ग नाही. नावाने उडी मारण्याची सोय मात्र त्यात जोडणीच्या (ॲड-ऑनच्या) रूपाने बसवावी लागते. ‘क्विक फोल्डर मूव्ह’ ही जोडणी नुकते वापरलेले फोल्डर समोर आणते आणि दोन अक्षरांत हवा तो उघडते. ‘क्विकफोल्डर्स’ ही दुसरी जोडणी निवडक फोल्डरांची पट्टी वरच्या बाजूला कायम दिसत ठेवते.

या सगळ्या सोयींचा उपयोग नावे कशी ठेवली आहेत यावर ठरतो, आणि तिथेच बहुतेकांचे गणित चुकते. ‘ग्रामपंचायत घरकुल’, ‘ग्रामपंचायत पाणी’, ‘ग्रामपंचायत कर’ अशी नावे असतील तर पहिली सहा अक्षरे टंकूनही यादी आवळत नाही. वेगळेपण नावाच्या सुरुवातीला हवे: घरकुल, पाणी, कर. वर्ष घालायचे असेल तर शेवटी घालावे. ‘कार्यालयीन’, ‘महत्त्वाचे’, ‘इतर’ असली नावे शक्यतो टाळावीत. काय शोधायचे ते त्यांतून आठवतच नाही. जीमेलमध्ये लेबले नावाच्या क्रमाने लागतात आणि रोमन व देवनागरी नावांची मिसळ असेल तर साधारणपणे रोमन आधी, देवनागरी नंतर असे गट पडतात. रोजचे फोल्डर वर आणायचे तर नावाआधी इंग्रजी आकडा लावावा. मात्र दोन-तीन फोल्डरांनाच तो लावावा. सगळ्यांनाच आकडे लावले की पहिल्या अक्षराने पोचण्याचा मार्ग बंद होतो.

फोल्डर किती असावेत, याचे एक जुने आणि चांगले उत्तर महाराष्ट्राच्या सरकारी कचेऱ्यांतच आहे. तिथल्या लिपिकाला ‘सहा गठ्ठे पद्धत’ शिकवली जाते. टेबलावरचे काम सहा गठ्ठ्यांत असावे: कार्यवाही चालू असलेली प्रकरणे, कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहणारी प्रतीक्षाधीन प्रकरणे, ठरल्या मुदतीने पाठवायची नियतकालिके, स्थायी आदेशांची संचिका, अभिलेख कक्षात पाठवायची निकाली प्रकरणे आणि नष्ट करायचे ‘ड’ वर्गाचे कागद. ‘अ’ वर्ग कायम जपायचा आणि ‘ड’ वर्ग वर्षभराने काढून टाकायचा, अशी वर्गवारी याच शिस्तीचा भाग आहे. १९८० च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कार्यालयातले दप्तर लावून घेतले, ते ‘लखिना पॅटर्न’ या नावाने राज्यभर ओळखले गेले.

या पद्धतीचा गाभा असा की कागद कुठल्या विषयाचा आहे यापेक्षा त्याचे पुढे काय करायचे आहे, त्यावर त्याची जागा ठरते. ई-मेलला हे फार चांगले लागू पडते. विषयवार पंचवीस फोल्डरांत दिवसभर फिरण्याऐवजी चालू, प्रतीक्षा, नियतकालिक आणि आदेश या चार फोल्डरांत दिवसाची बहुतेक ये-जा होते. विषयवार फोल्डर मग अभिलेख कक्षासारखे मागे राहतात. निकाली निघालेला मेल तिथे जातो आणि विचारणा झाली तरच उघडला जातो. जीमेलमध्ये अशा मागच्या लेबलांना ‘न वाचलेले असेल तरच दाखवा’ अशी सूचना देता येते, म्हणजे ती एरवी यादी अडवत नाहीत. ‘प्रतीक्षा’ हा फोल्डर विशेष मोलाचा आहे. मोताळ्याला पाठवलेल्या प्रस्तावाचे उत्तर आले नाही, हे इनबॉक्स कधी सांगत नाही, कारण न आलेले पत्र तिथे दिसतच नाही.

कधी कधी नाव बरोबर, कळ बरोबर, तरी फोल्डर उघडायला वेळ लागतो. त्याचे कारण तारेच्या पलीकडे असते. मेल सर्व्हरवर ठेवून तिथेच वाचण्याची आयमॅप ही पद्धत मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार केली. या पद्धतीत सर्व्हरशी असलेल्या एका जोडणीवर एका वेळी एकच फोल्डर उघडा असतो. दुसरा उघडताना प्रोग्राम सर्व्हरला तसे कळवतो, तिथे किती मेल आहेत हे विचारतो, आपल्याकडची यादी त्याच्याशी ताडतो आणि नवी शीर्षके उतरवतो. प्रत्येक प्रश्नोत्तराला जाळ्यावरून एक फेरी लागते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर संगणक चालत असेल आणि सिग्नल मंद असेल तर या फेऱ्या जाणवू लागतात. थंडरबर्ड त्यासाठी एका खात्याला पाचपर्यंत जोडण्या उघड्या ठेवतो, म्हणून नुकताच पाहिलेला फोल्डर पुन्हा लवकर उघडतो. मेल संगणकावरही उतरवून ठेवण्याची सोय चालू केली तर फोल्डर आपल्याच डिस्कवरून उघडतो आणि वीज वा नेट गेले तरी लॅपटॉपवर वाचता येतो.

जीमेल थंडरबर्डमध्ये जोडताना ‘सगळे मेल’ हा भलामोठा फोल्डरही येतो आणि प्रत्येक मेल तिथे दुसऱ्यांदा दिसतो. जीमेलच्या लेबल-सेटिंगमध्ये त्यापुढची ‘आयमॅपमध्ये दाखवा’ ही खूण काढली की भार पुष्कळ हलका होतो. देवनागरी नावांचीही इथे एक गंमत घडते. जुन्या आयमॅपमध्ये फोल्डरचे नाव साध्या रोमन चिन्हांतच साठवले जाते, त्यामुळे ‘पीकविमा’चे सर्व्हरवर सांकेतिक रूप होते. प्रोग्राम ते उलगडून पुन्हा मराठीत दाखवतो. एखादा जुना प्रोग्राम उलगडत नाही, आणि मग फोल्डरच्या जागी ‘अँड’च्या चिन्हाने सुरू होणारी रोमन अक्षरांची माळ दिसते. फोल्डर बिघडलेला नसतो. तो पुसू नये. २०२१ मध्ये आलेल्या आयमॅपच्या नव्या आवृत्तीत कोणत्याही लिपीतले नाव थेट ठेवता येते.

मोबाइलवर कळा नाहीत, त्यामुळे तिथे दुसरे उपाय लागतात. अँड्रॉइडवर जीमेलच्या विजेटमधून एखाद्या लेबलाचे चिन्ह फोनच्या पहिल्या पडद्यावर ठेवता येते. त्यावर बोट टेकले की ते लेबलच उघडते. खाते बदलायचे असेल तर वरच्या कोपऱ्यातल्या चित्रावर बोट खाली-वर सरकवणे पुरते.

संगणकावर ज्यांना खुणा लक्षात ठेवायच्या नाहीत, त्यांच्यासाठीही एक सोपी वाट आहे. ब्राउझरमध्ये जीमेलचे प्रत्येक लेबल उघडले की वरच्या पत्तापट्टीत त्याचा स्वतंत्र पत्ता दिसतो. तो बुकमार्क करून बुकमार्कांच्या पट्टीवर ठेवला की ‘चालू’, ‘प्रतीक्षा’, ‘आदेश’ अशी बटणे एका ओळीत तयार होतात आणि एका क्लिकवर उघडतात. सेवा केंद्रासारख्या ठिकाणी, जिथे एकाच संगणकावर दोन-तीन खाती उघडी असतात, तिथे मात्र जपावे लागते. त्या पत्त्यात खात्याचा अनुक्रमांक असतो. पहिल्यांदा लॉगिन केलेले खाते शून्य, दुसरे एक, असा तो लागतो. दुसऱ्या दिवशी खाती उलट्या क्रमाने उघडली तर तेच बटण भलत्याच खात्यात नेते, आणि एकाचे कागद दुसऱ्याच्या मेलमधून रवाना होण्याचा धोका असतो. क्रोममध्ये प्रत्येक खात्यासाठी वेगळे प्रोफाइल करता येते. प्रत्येक प्रोफाइलची खिडकी वेगळी, बुकमार्क वेगळे, आणि त्यात एकच खाते उघडे असल्याने त्याचा अनुक्रमांक नेहमी शून्यच राहतो.